पहिल्या पानापर्यंत

मनामात शुक्रवारी आमचा रविवार असतो.
चर्चच्या मागच्या खोलीत, तमिळ उपासना उठल्यावर
आणि तेलुगू बसायच्या आधी
सव्वा तास मराठीला मिळतो.
खुर्च्या अजून गरम असतात.

त्या शुक्रवारी शद्रक आढावने पिशवीतून
स्पायरल केलेली पानं काढली.
सित्राच्या यार्डात क्रेन चालवतो तो; बोटांना ग्रीस,
म्हणून पानं रुमालाने धरलेली.
म्हणाला, हे शास्त्रात नाही, पण जुनं आहे, फार जुनं.
आणि वाचलं:
पाच वर्षांचा प्रभू ओढ्याकाठी बसून
चिखलाच्या बारा चिमण्या करतो, तेही शब्बाथ दिवशी.
कुणीतरी जाऊन योसेफाला चुगली सांगतं.
पोर टाळी वाजवतं,
आणि बाराही भुर्र.

शद्रकला पुढे वाचवेना.
श्रीरामपुरात त्याचा मुलगा पाच वर्षांचा आहे.

पाळक उजागरे चष्मा पुसत म्हणाले,
जुनं असणं ही काही साक्ष नव्हे. जुनं तर पापही आहे.
ताडून बघू.
काम माझ्याकडे आलं,
कारण मी मोती तपासते.

वरून सगळे सारखेच लाजरे.
एक्स-रे काढला की एकाच्या पोटात
कांद्यासारखे पापुद्रे, एकात एक,
आणि दुसऱ्याच्या पोटात कुणीतरी ठेवलेला मणी.
आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत मी ती पानं वाचली.
फुलस्केपवर दोन रकाने आखले:
जुळतं. जुळत नाही.

माती, जीव, लेकराचा हात: जुळतं.
मातीत फुंकर घालणारा तर शास्त्राच्या सुरुवातीलाच भेटतो.
मग पान उलटलं.
पळता पळता एका पोराचा धक्का
त्याच्या खांद्याला लागतो.
तो एकच वाक्य बोलतो
आणि ते पोर जागच्या जागी मरून पडतं.
मी डबा मिटला.
दुसरा गाल पुढे करा म्हणणाऱ्याचा हा खांदा नव्हे.
शिवाय कानाच्या लग्नातलं पाणी हे त्याचं पहिलं चिन्ह.
पहिलं म्हणजे पहिलं.
मग या बारा कुठून उडाल्या?

काय तपासतेस, अब्दुन्नबीने विचारलं, मोती की नवरा?
त्याचा आजा नाकाला चिमटा लावून समुद्राच्या तळाशी जायचा;
तेव्हा मोती ज्या मापाने मोजत, त्याचं नाव चव.
मी चिमण्यांचं सांगितलं.
अगं, ही तर आमच्यात आहे, तो म्हणाला.
मरियमचा मुलगा, मातीचा पक्षी, फुंकर,
अल्लाच्या हुकमाने.
त्याच्या लेखी ताडण्यासारखं काही नव्हतंच.
धक्का लागून मेलेल्या पोराचं मात्र
त्याने कधी ऐकलं नव्हतं.
माझ्या फुलस्केपवर तिसरा रकाना नव्हता.

शुक्रवारी मी सगळं वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं:
जुळत नाही.
शद्रकने वाद घातला नाही.
बरोबर आहे ताई, म्हणाला.
पण पोराला गोष्ट म्हणून सांगू का?
तेलुगू मंडळी दाराशी ताटकळत होती,
एका बाईच्या हातात तबला.
सांग, मी म्हणाले. शास्त्र म्हणून नको.

बाहेर पार्किंगमध्ये त्याने इमो लावला,
फोन कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर टेकवला.
तिकडे दहा वाजून गेलेले, पोर मुद्दाम जागं ठेवलेलं.
ओढा सांगितला, चिखल सांगितला,
दोन्ही हातांनी टाळी वाजवली.
तिकडून, आवाज अडकत अडकत, एक छोटी टाळी आली.

मग? पुढे काय झालं पप्पा?

शद्रकने माझ्याकडे बघितलं.
पुढचं पान हरवलं रे.

ते माझ्या पर्समध्ये होतं,
घडी घातलेलं.
बस येईपर्यंत मी पर्सची चेन
दोनदा चाचपून पाहिली.