फट

पहाटे तिनं पहिला वासा उपटला
तेव्हा मी भिंतीच्या फटीला डोळा लावून होते.
आमची भिंत मातीची, पुरुषभर उंच.
फट एका उंटानं पाठ खाजवून पाडलेली.
बुजवायची राहिली. मीच राहू दिली.

तिनलबराका तिचं नाव.
दोन उन्हाळे अगादेसच्या या कडेला तिचा तंबू होता,
शेळ्यांच्या कातड्यांचा,
आईनं, मावश्यांनी शिवून लग्नात दिलेला.
नवरा त्यात राहायला आला होता. एवढंच.

आता तो बाहेर उभा.
खोगीर, तलवार, चहाची किटली.
निळं फडकं डोळ्यांपर्यंत ओढलेलं,
सासू समोर होती ना, तोंड कसं दाखवणार!
घर फिरलं की वासे फिरतात म्हणे.
इथं वासे निघाले, घर गाढवावर चढलं
आणि गडी उघड्यावर.

मला हसू आलं. मग पोटात गोळा.
मागे ओट्यावर माझा सालिसू
टोपीवर रेशमी टाके घालत होता,
बाजारात नावाजलेला हात त्याचा.
त्याला असं बघून ती एकदा पोट धरून हसली होती:
"सुई? पुरुषाच्या हातात?
आणि तू दिवसभर आत!
मग तुमच्यात बाई कोण गं?"

मी काय सांगणार?
लग्नानंतर मी बाजार पाहिलेला नाही.
पण बाजारानं माझे चवळीचे वडे रोज खाल्लेत.
तलातू पाटी घेऊन जाते, पोरगी नऊ वर्षांची,
पैसे माझ्या गाडग्यात येतात.
त्याला सालिसू हात लावत नाही.
मागच्या रमजानात त्यानं उसने मागितले.
दिले, मोजून. परत घेतले, मोजून.

हे ऐकून ती म्हणाली,
"गाडगं तुझं, बरं. आणि भिंत?"

तेव्हा गप्प बसले.
उत्तर सुचलं ते आज, उशिरा,
कारण वासे ती उपटत नव्हतीच.
पहिला एक तेवढा, रीत म्हणून.
मग ती सावलीत बसली
आणि बाकीचे घैशानं ओढले,
जिची आजी हिच्या आजीच्या मालकीची होती,
जी बाजरी कांडते, पाणी आणते,
जिला कुणी विचारत नाही
तुझा तंबू कुठंय.

गाढवं गेली. घैशा मागून चालत.
मातीवर एक गोल उरला, झाडलेला,
आणि गोलाबाहेर तो.

दुपारी फटीशी आला. पाणी मागितलं.
भोपळा काही फटीतून जाईना,
तेव्हा मी दोन ढेकळं खरवडून काढली.
पाठ फिरवून, फडक्याच्या आतून प्यायला.
त्याला माझा हात दिसला असेल,
मला त्याचे डोळे, तेही ओझरते.

सालिसूनं मान वर केली, फट पाहिली,
दाताखाली दोरा तोडला
आणि पुन्हा सुई ओवू लागला.
मी तेल तापत ठेवलं.