जोडविषय

अर्जावर दोन रकाने होते.
पहिल्यात मी लिहिलं, वाचोपचार.
दुसऱ्यात, खाली, जरा बारीक अक्षरात,
खगोलशास्त्र.
केमीहून आईने फोनवर विचारलं, त्याचं पुढे काय होतं?
कागद गिरणीच्या कँटीनमध्ये ती पंचवीस वर्षं सूप वाढते,
तिला प्रत्येक गोष्टीचं पुढे काहीतरी झालेलं लागतं.
काही नाही, मी म्हटलं. क्रेडिट होतात.

ऑक्टोबरपासून निरीक्षणवही.
तारीख, वेळ, तापमान, आकाश.
सात तारीख, ढग.
नऊ तारीख, ढग.
बारा तारीख, ढग, आणि बोटं बधिर.
ढग हेही निरीक्षणच आहे, तोर्स्ती म्हणाले,
आणि थर्मासातली कॉफी सगळ्यांना अर्धी अर्धी दिली.
औलूतल्या त्या गच्चीवर आम्ही सहा जण.
पाच जणांचा तो मुख्य विषय,
ते ढगांकडेसुद्धा हक्काने बघत.
मी आपली पाहुणी,
दुर्बिणीला डोळा लावण्याआधी
"लावू का?" विचारणारी.

नोव्हेंबरात एकदाच ढग फाटले.
ओतावा दिसलं.
आमच्याकडे ते सामन पकडायचं जाळं.
तोर्स्ती म्हणाले, कुठे त्याला नांगर म्हणतात, कुठे पळी,
आणि एका लांबच्या देशात म्हणे
तिथे सात ऋषी बसलेले असतात.
दाढीवाले? आक्सेलीने विचारलं.
असणारच. इतक्या थंडीत.

परीक्षेत आलं, त्यातल्या मधल्या ताऱ्यांचा उजेड
आपल्यापर्यंत पोचायला किती वर्षं?
मी आठशे लिहिलं.
ऐंशीच्या आसपास, असं लाल शाईत, आणि शेजारी:
"एक शून्य जास्त."
पाचापैकी दोन. पास.

मंगळवार-गुरुवार मात्र पोटापाण्याचा विषय.
काउको, वय एक्याऐंशी, मेंदूत डावीकडे गुठळी.
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर जन्म काढलेला माणूस
आता "खिडकी" या शब्दापाशी अडकून पडलेला.
शब्द निघायचा, मला दिसायचा,
गालापर्यंत येऊन मागे फिरायचा.
मी कार्डं दाखवायची. कप. किल्ली. मांजर.
तो माझ्याकडे असा बघायचा, जणू
वस्तू माझी आहे आणि नाव मीच विसरलेय.

सहाव्या आठवड्यात माझ्या फायलीतून
ताऱ्यांचा नकाशा टेबलावर घसरला.
त्याने बोट ठेवलं,
सात ठिपक्यांवरून फिरवलं, हलकेच,
आणि म्हणाला,
ओतावा.
स्वच्छ. न अडखळता.
रात्रपाळीत शेजारच्याला सांगावं तसा.
त्याची बायको आइली खुर्चीतून उठली, परत बसली.
पर्स उघडली, बंद केली.

मग सगळंच ओतावा झालं.
कप ओतावा. किल्ली ओतावा. मांजर ओतावा.
आइलीकडे बोट करून मी विचारलं, या कोण?
ओतावा, तो म्हणाला, आणि हसला.
तिने मान डोलावली: चालेल.
एकच शब्द जिभेला असा चिकटतो
त्याला पुस्तकात नाव आहे, आणि ते काही चांगलं लक्षण नाही.
मी तक्ता भरत गेले.
शून्य. शून्य. शून्य.

शेवटचं कार्ड पळीचं होतं,
लांब दांड्याची, सूप वाढायची.
ओतावा.
पेन्सिल अर्धा गोल काढून थांबली.

पिर्क्को बाई खांद्यावरून बघत होत्या.
काय झालं?
एक शून्य जास्त होतंय, मी म्हटलं.
त्यांना कळलं नाही. मलाही धड नाही.

दोन वाजताच अंधार पडला.
रात्री वही काढली. तारीख, वेळ, उणे चौदा.
आकाश: ढग.
खाली थोडी जागा उरली होती.
ओतावा, लिहिलं, एकदा, स्पष्ट.