पाणमांजराचा शिक्का

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
बावीस नंबरची बस मला इस्पितळाशी सोडते,
तासाभराने तिथूनच उचलते,
जणू मी कुठे गेलेच नव्हते.
सिटिंग एकूण वीस.
कॅलेंडरवर मी फुल्या मारत नाही.
फुल्या मारणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत.

घरी आलं की भात जात नाही, पुस्तक जात नाही,
धाकटीचा फोन तर मुळीच जात नाही;
ती आधी रडते, मग मला धीर धरायला सांगते.
तशाच एका संध्याकाळी सोफ्यावर, शालीत,
भलतंच काही शोधताना ते सापडलं:
डोंगरातलं खेडं, तिथलं पोस्ट,
आणि चुकून पोस्टमास्तर झालेलं पाणमांजर.

मिरजेच्या हॉस्टेलवर पाहिलं होतं हे,
मी आणि वैजयंती कांदळगावकर.
तीस रुपयांची सीडी. सगळं जपानीत,
खाली एक अक्षर नाही.
मग वैजू बोलायची. सगळ्यांचं. मालवणीत.
पाणमांजर दिसेल त्यावर शिक्का मारायचं,
पाकिटावर, मुळ्यावर, झोपलेल्या सरपंचाच्या टकलावर,
आणि सरपंच दचकून उठायचा:
मेल्या, माज्या कपाळार ठसो मारतंस?
माका खंय धाडतंस, मुंबयक?

मी हसून हसून कॉटखाली.
फार्माकॉलॉजीत दोघी नापास.

सातव्या भागात सीडीला चरा होता.
पूल येतो, बर्फ पडू लागतं, चित्राचे चौकोन होतात
आणि एकदम कुणाचंतरी लग्न.
मधल्या अकरा मिनिटांत काय झालं
ते वैजू दर वेळी नवं सांगायची:
पूल पडला. दरोडा आला. पाणमांजराची सवत आली.
एकदा नुसतीच म्हणाली,
काय नाय गो, लायट गेली.

आता खाली नीट अक्षरं येतात.
सरपंच म्हणतो, कृपया असे करू नका.
एवढंच.
सरपंचही नाहीच तो, शाळेचा शिपाई आहे.
वीस वर्षं मी ज्याला हसत आले
तो विनोद त्यात कधी नव्हताच.
मी अक्षरं बंद केली.
थोड्या वेळाने वैजू आली, जरा घोगरी,
मधले मधले शब्द विसरलेली.

काल रात्री सातवा भाग. चरा नाही.
ती अकरा मिनिटं पाहिली.
काहीच होत नाही त्यांत.
बर्फ थांबेना म्हणून सगळे पोस्टात बसलेत.
मुळा उकळतोय. कुणी मोजे वाळवतंय.
पाणमांजर खिडकीशी जातं, बाहेर बघतं, परत येतं.
पुन्हा जातं.
मुलगी त्याला काहीतरी विचारते
आणि ते मान हलवतं. अजून नाही.
मग लग्न.

मागे नेऊन मी तीनदा पाहिलं.

आज नववं सिटिंग.
माझ्या छातीवर गोंदलेले तीन निळे ठिपके आहेत,
मॉइरा त्यांच्यावर हिरव्या रेषा जुळवते,
गार बोटांबद्दल रोज माफी मागते,
हलू नका म्हणते, बाहेर जाते.
जाड दार लागतं.
आणि त्या शांततेत माझ्या कानाशी कुणीतरी:
मेल्या, ठसो मारतंस?

हसू दाबता येईना. टेबल हलायला लागलं.
भिंतीतून मॉइराचा आवाज: दुखतंय का?
आता हिला कुठल्या इंग्रजीत पाणमांजर सांगू,
आणि त्याच्या तोंडची मालवणी?
नाही म्हटलं, सॉरी, पुन्हा घ्या.
तिने पुन्हा रेषा जुळवल्या.

स्टॉपवर उभी राहून
वैजूच्या जुन्या नंबरवर लिहिलं, जमेल तशा मालवणीत:
गो, त्या अकरा मिनटात काय झाला ता गावला.
नंबर तिचाच आहे का, देव जाणे.
एकच टिक लागली.

समोर नदी असणार, अंधारात दिसत नाही.
मी दोन पावलं पुढे जाऊन रस्त्याकडे पाहिलं,
परत आडोशाला आले.
बस अजून नाही.