एक गोणी कमी

इरिंगाच्या अलीकडचा वजनकाटा. पहाटेचे तीन वाजून दहा.
ट्रक प्लेटवर चढला तशी खिडकीची काच थरथरली,
माझ्या चहात एक वर्तुळ उठलं.

न्जोंबेचे बटाटे, दार एस सलामला निघालेले.
गोण्या अशा भरलेल्या की तोंड संपल्यावरही डोंगर,
आणि डोंगरावर सुतळीची जाळी शिवून तो आवळलेला.
लुंबेसा म्हणतात आमच्याकडे. कायद्याने बंद आहे.
व्यापारी पैसे एका गोणीचे देतो, बटाटे दीड गोणीचे नेतो.
बांधावरचं ते मापातलं पाप
बावीस चाकांवर बसून माझ्या दारात आलं होतं.

आकडा लाल.
चार टन सातशे जास्त.

अनाक्लेती खाली उतरला, टोपी काढून उभा राहिला.
"मालक टनावर पैसे देतो, बाई.
ब्रेकचे लायनर गेल्या महिन्यात मागितले.
पुढच्या खेपेला, म्हणाला."
अंगावर घोंगडी घेतलेला त्याचा पोरगा, लुसेकेलो,
न सांगताच एका गोणीची दोरी सोडायला लागला होता.

नियम मला पाठ आहे: दंड भरा,
जास्तीचा माल इथेच उतरवा.
पण उतरवणार कोण? ठेवणार कुठे?
दुपारपर्यंत बटाटे घामेजतात, मग वास मारतात,
मग वरून फोन येतो.

कागद हलायचा तर कागदावर वजन ठेवावं लागतं.
त्यांनी खरंच वजन ठेवलं: एकशे चाळीस किलो,
माझ्या खोलीच्या दारात, लुसेकेलोच्या पाठीवरून.
"आता एक गोणी कमी," अनाक्लेती म्हणाला,
आणि आम्ही तिघंही हसलो. खरंच हसलो.

मी एवढंच म्हणाले, "जरा पुढे घे."
एक मीटर.
मागची चाकं प्लेटच्या बाहेर गेली.
आकडा हिरवा झाला, पावती निघाली,
ती त्याने घडी करून खिशात ठेवली,
खिशावर दोनदा हात फिरवला.

कितोंगाचा घाट मी बसने उतरलेय.
वळणावर बायका बोलायचं थांबवतात.
लुसेकेलो नंतर सांगत होता, दवाखान्यात, छताकडे बघून:
चौथ्या वळणाला जळक्या रबराचा वास आला,
सहाव्याला ब्रेक पायाखाली उशीसारखा मऊ झाला,
गिअर खाली घ्यायला गेला तर तो पडेचना.
मग अनाक्लेतीने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.
दुसऱ्या हाताने पोराचं दार उघडलं आणि त्याला ढकलून दिलं.

खाली गोरखचिंचेखाली सेमेनी कांदे मांडत होती,
लाल जाळ्यांचे ढीग, शेजारी तिची दोन पोरं.
तिने हॉर्न ऐकला. वाटलं, लग्नाची गाडी.
मग ट्रक दिसला, आणि दिसलं की तो
रस्ता सोडून डोंगराकडे वळतोय.
वळवला, ती म्हणते. वळला नाही, वळवला.

बटाटे अर्धा मैल घरंगळले.
लोक बादल्या घेऊन आले.
केबिन कापायची करवत त्यानंतर आली.

चौकशीत माझी पावती निघाली, त्याच्या खिशातून,
कोरडी, घडी न मोडलेली.
वजन: नियमात.
म्हणजे मग चूक कोणाची? चालकाची. वेग. झोप.
मालकाला विमा मिळाला.
अनाक्लेतीच्या बायकोला मिळाली ती टोपी.

मी सही केली होती. तीच सही मला दाखवली,
विचारलं, तुमची? हो, म्हणाले.
तुमचं काम चोख आहे, म्हणाले ते.

गोणी अजून खोलीत आहे. पाव भाग आम्ही खाल्ला,
ते आधी, कळण्याआधी.
उरलेल्यांना आता डोळे फुटलेत.
फेकवत नाहीत. लावायला माझ्याकडे जमीन नाही.

काल रात्री एकाने प्लेटवर थांबून
हात बाहेर काढून विचारलं,
"जरा पुढे घेऊ का, बाई?"
चहातलं वर्तुळ काठापर्यंत गेलं,
परत आलं.
मी अजून काच खाली केली नव्हती.