मधलं जरा लांबवा

जिंतूरला बसस्टँडच्या मागं, खताच्या दुकानावर
पत्र्याची खोली, तिथं माझं मिक्सिंगचं काम.
लग्नाच्या व्हिडिओतली नावं हलवून देतो.
अक्षरं वरून पडतात, डावीकडून येतात,
धुरातून उगवतात. धुराचे शंभर जास्त.

काम तसं सोपं आहे.
सुरुवातीला एक खूण, शेवटाला एक,
टाइमलाइनवर दोन शंकरपाळ्या.
पहिलीत अक्षर नसतं, दुसरीत असतं,
मधलं सगळं मशीन भरतं, मला न विचारता.

आधी मी हमीदोद्दीन पेंटरच्या हाताखाली होतो.
ते निळीत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून सोडायचे,
फट्,
की झाली शिरोरेषा.
"पहले लकीर. हरफ बाद में लटकते, कपड्यां सरीखे."
एकेका अक्षरात दुपार जायची.
मधलं तेव्हा हातानंच भरावं लागायचं:
शिडी, ऊन, रॉकेलचा वास,
खालून कुणीतरी विचारायचं, काय लिहायलात ओ?
आणि आम्ही अर्ध्या शब्दावर.

मशीनला आपली लिपी धड कळत नाही.
एकेक अक्षर सुटं हलवायला सांगितलं
तर वेलांटी निखळून पडते
आणि शेजारी ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ दाखवते,
इथं कुणीतरी होतं, अशी.
ज्ञ तर फुटतोच. आतून ज निघतो आणि ञ,
ज्याला पहिलीनंतर कुणी पाहिलेलं नाही.

मंगळवारी प्रज्ञा आली, बोरीहून, एकटीच.
ऑर्डर वरपक्षाची होती:
आधी प्रज्ञा लिंबाजी वाव्हळ,
मग लिंबाजी विरघळून तिथं सुमेध,
वाव्हळ विरघळून खिल्लारे.
आठ सेकंद. मागं बासरी.

मी लावून दाखवलं.
ती म्हणाली, थांबवा. थोडं मागं. अजून थोडं.
इथं.

चौथ्या सेकंदाची फ्रेम.
लिंबाजी अर्धे गेलेले, सुमेध अर्धा आलेला,
वाव्हळच्या ळमधून खिल्लारेंचा रे दिसायलेला,
वाचता काहीच येत नव्हतं.
प्रज्ञा तेवढी ठळक.
तिच्यावर मी खूण लावलीच नव्हती.

ती खुर्ची ओढून बसली.
मला वाटलं, आता म्हणेल, काढून टाका.
तेवढ्यात पंखा थांबला, इन्व्हर्टर टूं टूं करू लागला.
म्हटलं, लाइट गेली, सेव्ह करून घेतो.
करा, म्हणाली. पण मधलं जरा लांबवा.

किती?

तिनं बोटांवर मोजलं, खरोखरच मोजलं.
"पहिलीपासून बी.एड.पर्यंत, भाऊ,
प्रत्येक पेपरावर हेच नाव लिहिलंय.
आठ सेकंदांत कसं होईल?"

मी दुसरी शंकरपाळी धरली, उजवीकडं ओढली,
बासरीच्या पुढं, हळदीच्या पुढं,
पार क्लिपच्या काठापर्यंत.

परवा खिल्लारेंचा फोन आला.
टायटल हँग होतंय का तुमचं?
नाही, म्हटलं, चालूच आहे.
दिसायलं नाही, एवढंच.