उचलल्या जागी

माझ्या वहीत नाव नसतं, ठिकाण असतं.
क्रमांक चारशे सतरा. मादी. तांबडी, शेपटीचं टोक पांढरं.
उचलली : रे रोड, गोदीच्या भिंतीलगत,
सार्वजनिक नळाच्या डावीकडे, तिसरं झोपडं.
एवढं बारीक लिहावं लागतं, कारण नियम आहे :
नसबंदी करायची, इंजेक्शन द्यायचं,
आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं.
पुढच्या गल्लीत नाही. पुलापलीकडे नाही.
परकी गल्ली फाडून खाते.

कुणी लिहिला हा नियम, मला ठाऊक नाही.
पण ज्यानं लिहिला तो कधीतरी
रात्री दोनला जागा असणार
आणि कुत्र्यांच्या हद्दी त्यानं कानांनी मोजल्या असणार.

उचलताना यल्लव्वा गाडीमागे धावली होती,
हाताला सुकटीचा वास, पदर तोंडात.
डेव्हिडनं तिला कागद दाखवला.
तिनं तो उलटा धरून नीट पाहिला,
शिक्का अंगठ्यानं चोळून बघितला, पुसतोय का.
पुसला नाही, तेव्हा म्हणाली,
"पाव नाही खात ती. खारी घाला, चहात बुडवून."
मी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.
साहेबांनी खोडलं.

पाच दिवस पिंजरा. टाके. कानाचं टोक कापलेलं,
नखाएवढंच,
लांबूनही कळावं की हिचं सरकारी काम झालंय.
खारी मी आणली. बिल लावलं नाही.

सहाव्या दिवशी गाडी रे रोडला गेली.
भिंत होती.
नळ होता, म्हणजे नुसता पाइप, तोंडात खुंटी ठोकलेला.
तिसरं झोपडं नव्हतं.
पहिलं नव्हतं, चाळिसावं नव्हतं.
एक मोरी तेवढी उरलेली उघड्यावर,
निळ्या लाद्यांची, कुणीतरी हौसेनं बसवलेली.
जेसीबीवाला सावलीत डबा खात होता.
माणसं कुठंयत, विचारलं
तर त्यानं हातातल्या चपातीनंच दिशा दाखवली.
माहूल. ज्यांचे कागद होते ते.
आणि बाकीची?
तो पुढचा घास घेऊन बसला.

"आता?" डेव्हिड म्हणाला.
मी परिपत्रक काढलं, मागूनपुढून वाचलं.
त्यात जागा होती.
जागेवर कुणी असावं, असं कुठं नव्हतं.

दार उघडलं. ती उतरली.
हुंगत हुंगत, पण चुकली नाही,
नळाच्या डावीकडे, एक, दोन,
तिसऱ्यापाशी आडवी न जाता वळसा घेतला
आणि दारातून आत गेली.
दार नव्हतं. ती दारातूनच गेली.
चुलीच्या जागी अंगाचं वेटोळं करून बसली.

सोडलेलं ठिकाण भरायचं असतं.
लिहिलं : उचलल्या जागी.
बावीस वर्षांच्या नोकरीत
इतकं खरं आणि इतकं खोटं एकाच ओळीत लिहिलं नव्हतं.

गाडीत बसल्यावर वाटलं,
माणसांचीही असेल का कुठल्या वॉर्डात अशी वही :
यल्लव्वा. बाई. सुकट विकते.
उचलली : नळाच्या डावीकडे.
पुढचा रकाना मी डोक्यातल्या डोक्यातही भरू शकलो नाही.
डेव्हिडनं वायपर लावला, काच कोरडी असताना.

महिन्याभरानं तक्रार आली, टाइप केलेली, तीन सह्यांची :
प्रकल्पस्थळी भटकी मादी. पत्र्याच्या कुंपणाआत.
मशिनवर भुंकते. तात्काळ हटवावी.

जबाब मला लिहायचा होता.
दुपारी चहा मागवला, खारी मागवली,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
मसुदा न करता थेट स्वच्छ कागदावर लिहिलं :

महोदय,
सदर मादीची नसबंदी व लसीकरण झालेले आहे.
ती सदर ठिकाणची मूळ रहिवासी आहे.
नियमानुसार तिला तेथून हलवता येत नाही.

खाली शिक्का मारला.
अंगठ्यानं चोळून बघितला.