ळ कुठे बसतो

निंभोऱ्याला वीज रात्री अकरानंतरच नीट असते,
तेव्हा बसते मी.
शब्द घेतला खिडकीबाहेरचाच,
सळसळत.
काना नाही, मात्रा नाही, पाच सुटी अक्षरं,
केळीच्या पानांनी फुकट दिलेली.

या भाषेत 'प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा' असं सांगावं लागत नाही.
गोलाच्या पोटातून एक उभी रेघ. फिरव.
आणि शब्द एका दमात पाचही वेळा फिरून
चौकोनात उभा राहतो

सळसळत
ळसळतस
सळतसळ
ळतसळस
तसळसळ

मग काठीवर टेकलेला त्रिकोण. क्रम लाव.
मग शेवटचा उभा रकाना तेवढा ठेव,
बाकी सोडून दे.

उरलं ळससळत.

अप्पा मागे येऊन उभे.
भुसावळच्या यार्डात एकतीस वर्षं नंबर टेकर.
मालगाडी लागली की कंदील घेऊन डब्यामागून डबा,
आकडा वाचायचा, लिहायचा.
पहाटे शंटिंगवाले तीच गाडी विस्कटून टाकत,
नागपूरचे डबे नागपूरकडे, सुरतेचे सुरतेकडे.
वहीत मात्र ती अख्खी राहायची.

"मोडली गाडी," म्हणाले. "परत लागते का व?"

लागते.
हाच रकाना क्रमाने लावून शेजारी ठेवायचा,
की डावीकडचं अक्षर उजवीकडच्याला सांगतं,
तुझ्या आधी मी होतो.
वेगळा लिहून ठेवायचा तो एकच आकडा,
खरी ओळ कितवी. इथे पाचवी.
तो हरवला तर डबे सगळे हाती,
पण गोल फिरत राहतील,
इंजीन कुठं जोडायचं ते कुणालाच ठाऊक नाही.

"तेवढा आकडा मी लिहितो."
खिशात पेन्सिल अजून असते.

मग चष्मा वर सरकवून,
"पण हा ळ अठी कायले? स च्या आधी?"

मशीन त्याला ल च्या शेजारी बसवतं, अप्पा.
यादीच तशी ठरलीय.

"आम्ही शिकलो ह च्या नंतर.
भुसावळवाल्यानं ल म्हणून चालते का?"

खरं तर हिशेबाला फरक पडत नाही.
जाताना जो क्रम, येताना तोच, एवढीच अट.
वाद नको म्हणून अख्खी अक्षरमाला हाताने लिहिली,
ह, त्यामागे ळ, मग क्ष, ज्ञ,
आणि म्हटलं, आता हीच धर.

तसळसळ
सळतसळ
सळसळत
ळतसळस
ळसळतस

शेवटचा रकाना वाचला.
ळळतसस.

ळ ला ळ चिकटलेला. स ला स.
मी खुर्ची मागे ढकलली.

पाच अक्षरांत वाचून वाचणार काय म्हणा.
पण पत्र्याच्या पेटीत चव्वेचाळीस वह्या आहेत,
प्रत्येकीवर सुपडू लोटू फेगडे,
आणि मी टाइप करून सतराव्या वहीशी आलेय.

अप्पा काही बोलले नाहीत.
कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला
आधीचा पाच खोडला
आणि लिहिलं ३.

मी सांगितलं नव्हतं.
पडद्याला बोट न लावता,
ओठांतल्या ओठांत,
त्यांनी वरून खाली मोजली होती.